कॅम्पातलं पोर्कचं दुकान: अननसाबरोबर करायचं तर खांद्याचा तुकडा मागा

बेळगावात पोर्क मी कॅम्पातल्या या लहानशा दुकानातूनच घेते. काका आधी विचारतात, "काय करणार, बाई?" विंदालू म्हटलं की चरबीदार तुकडा देतात. अननसाबरोबर म्हटलं की खांद्याचा, चरबीची पातळ पट्टी ठेवून. तुकडे एकसारखे कापतात, त्यामुळे शिजतातही एकदम. कातडी नीट भाजून खरवडलेली, वास अजिबात नाही.

घरी मीठ, मिरपूड, आलं-लसूण आणि ताज्या अननसाच्या थोड्या फोडी कुस्करून लावते. अर्धा तास पुरे. अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम (प्रथिनं तोडणारा पाचक रस) मांस मऊ करतं, पण रात्रभर ठेवलं तर पार पिठूळ होतं. डब्यातल्या अननसाने हे होत नाही, तो आधीच उकळलेला असतो, त्या उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. मग कांदा, संकेश्वरी मिरची, झाकण ठेवून मंद आच. उरलेल्या फोडी अगदी शेवटी, म्हणजे आंबटगोडपणा टिकतो. सोबत गरम भात, दुसरं काही लागत नाही.

दुकान अरुंद आहे आणि रविवारी चर्च सुटल्यावर गर्दी फार होते. खांदा लवकर संपतो, शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा.