जाम झालेले ब्रेकचे नट आणि फ्लेअर नट पाना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नेरूळला खाडीच्या बाजूला बारा वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या आमच्या गाडीचे चारही रबरी ब्रेक होज (चाकांकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या) बदलायचे ठरले, तेव्हा मी 10 आणि 11 मिलिमीटरचा दुतोंडी फ्लेअर नट पाना घेतला. गेल्या सप्टेंबरपासून तो आमच्या गाडीवर, ऐरोलीला मेव्हण्याच्या गाडीवर आणि शेजारच्या काकांच्या गाडीवर मिळून दहा नटांसाठी वापरला. त्यांपैकी नऊ नट शाबूत सुटले.

होजला येऊन मिळणारी लोखंडी नळी बहुतेक गाड्यांत 4.75 मिलिमीटर जाडीची असते आणि ती होजला जोडणारा फ्लेअर नट तिच्यावरच ओवलेला असतो, त्यामुळे साधा रिंग पाना त्यावर चढवता येत नाही. साधा उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. नट गंजलेला असेल तर जोर लावताच कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. फ्लेअर नट पान्याच्या रिंगला नळी आत जाईल एवढीच फट असते, बाकीच्या बाजूंवर पकड मिळते. मात्र घेताना तोंड सहा कोनांचे आहे ना, हे पाहावे, कारण बारा कोनांचे तोंड झिजलेल्या नटावरून लवकर घसरते. मी आधी घेतलेल्या स्वस्त पान्याचा जबडा दुसऱ्याच नटावर फाकला होता. आताचा क्रोम व्हॅनेडियमचा, जाड जबड्याचा पाना आठ महिन्यांनंतरही तसूभर पसरलेला नाही. त्याच्याविषयी तक्रार एकच: डोके जाड असल्यामुळे मागच्या चाकाजवळच्या ब्रॅकेटपाशी तो जेमतेम बसतो आणि दर खेपेला थोडासाच फिरतो.

तरीही केवळ चांगल्या पान्यावर विसंबून काम होत नाही, हे मला मेव्हण्याच्या गाडीने शिकवले. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात हा नट दोन ठिकाणी धरतो: एक आट्यांमध्ये, आणि दुसरे म्हणजे नट व नळी यांच्या मधल्या बारीक जागेत. आटे सुटले, नट फिरू लागला, म्हणून मी आनंदाने पाना ओढत राहिलो आणि नळीही नटाबरोबर पिळत गेली. पिळलेल्या नळीवर ब्रेकचा भरवसा ठेवता येत नाही. ती कापून, तुर्भ्याच्या एका गॅरेजमधून नवी नळी दुहेरी फ्लेअर करून, म्हणजे तिचे टोक दुहेरी दुमडून पसरट करून, आणावी लागली.

तेव्हापासून मी नट आणि त्यामागची बोटभर नळी तारेच्या ब्रशने लख्ख करतो, गंज सोडवणारे तेल आट्यांवर आणि नळी नटात शिरते तिथेही सोडतो आणि रात्रभर मुरू देतो. सकाळी पुन्हा एकदा तेच. मग होजचे टोक दुसऱ्या पान्याने घट्ट धरून नट आधी किंचित आवळतो, नंतर सोडवतो आणि नळीवर नजर ठेवून पुढे-मागे हलवत राहतो. काकांच्या गाडीच्या एका नटाला या पद्धतीने पाऊण तास लागला, पण नळी जागची हलली नाही. आच देण्याच्या वाटेला मी जात नाही, कारण ब्रेक ऑइल पेट घेते. नट सुटल्यावर ते गंजाचे तेल मात्र काळजीपूर्वक पुसून घ्यावे. खनिज तेल नळीत गेले तर ब्रेकमधली रबरी सीले फुगतात.

नळी उघडी होताच तिच्यावर रबरी टोपण बसवावे. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलते, म्हणून मी पाण्याची बाटली हाताशी ठेवतो आणि लगेच धुतो. कॅलिपरकडच्या (चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाकडच्या) बोल्टला तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालतो. ऑइलही ताज्या बाटलीतलेच वापरावे: डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असायला हवा, पण ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा 155 अंशच आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत उघडी बाटली ओलावा पटकन शोषते.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाल्यावर मी ब्रेक पेडल जोरात दाबून धरायला लावतो आणि प्रत्येक नटाखाली कोरडा पांढरा कागद फिरवतो. दहाही जोडांवर कागद कोरडा निघाला. नव्या नळीचा जोड मी महिन्याभराने पुन्हा तपासला, तोही कोरडाच होता.