बुचाखालचं दीड लिटर डिझेल

माणसाचं, बंदराचं नाव लिहीत नाही. त्यात माझीही लाज आहे.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात माझा एक ट्रॅक्टर आहे, भाताच्या चिखलणीला भाड्यानं फिरतो. त्या दिवसांत डिझेल पाण्यासारखं जातं. (पाणी पुढं परत येणार आहे.) गेल्या जूनमध्ये पाहुण्यांच्या ओळखीनं एकजण भेटला. कारवारच्या खालच्या अंगाला, एका आडबाजूच्या बंदरावर भावाची ट्रॉलर आहे म्हणाला. "मामा, 1 जूनपासून मासेमारीला बंदी लागली. 61 दिवस बोटी किनाऱ्याला. कोट्यातलं डिझेल पडून आहे, 70 नं घेऊन जा की."

पंपावर दर 90 च्या आसपास. 3 बॅरल, 600 लिटर, म्हणजे 12,000 वाचणार. बंदी खरी होती. मच्छीमारांना करमाफीचं डिझेल मिळतं हेही खरं. 2023 च्या अर्थसंकल्पात कर्नाटक सरकारनं त्याची मर्यादा दीड लाखावरून 2 लाख किलोलिटर केली, हे मीच पेपरात वाचलेलं. खऱ्या गोष्टींच्या मधोमध एक खोटी बसवली की ती दिसत नाही.

पिकअप घेऊन रामनगर, जोयडा, कद्रा करत गेलो. धक्क्यावरच्या पंपाला साखळी लावलेली. त्यामागच्या शेडमध्ये निळी बॅरलं. त्यानं मोठं बूच काढलं, नळी सोडली, बाटलीत डिझेल काढून दिलं. पिवळसर, नितळ. वास घेतला, बोटांत चोळून बघितलं. एकच नाही, तिन्ही बॅरलं तपासली. आपण किती हुशार, असंही मनात आलं. चढवताना एक पोरगा पुटपुटला, "जड आसा मरे हें." मी म्हटलं, उचल लवकर, पाऊस येतोय. रोख 42,000 मोजले.

घरी हातपंप लावला. दीडेक लिटर आलं आणि फुस्स. बॅरल वाजवून बघितलं तर भरलेलं. बॅटरीचा उजेड आत टाकला, तेव्हा कळलं. बुचाच्या तोंडाला आतून दोन इंची पाइप वेल्डिंग केलेला, खालून बंद. डिझेल तेवढ्यातच. लहान बुचावर रंगाचा जाड थर होता. पान्यानं ते फोडलं, बॅरल कलतं केलं तर पाणी. चाखून बघितलं, खारटही नव्हतं. बायको म्हणाली, "बरं झालं, भाताच्या तरव्याला तरी घाला."

पोलीस स्टेशनच्या फाटकापर्यंत गेलो. आत जाऊन काय सांगणार? मच्छीमारांच्या सवलतीचं डिझेल चोरून घ्यायला गेलो होतो म्हणून? त्याचा सगळा धंदा उभा आहे तो याच फाटकावर.

पुढं ओळखीच्या एका तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारलं, तर तो हसायलाच लागला. डिझेल मच्छीमार सोसायटीच्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत असतं. बोटीच्या पासबुकावर नोंद होते आणि तेल थेट बोटीच्या टाकीत जातं. जे उचललं नाही ते सोसायटीच्याच टाकीत राहतं. बोटवाल्याच्या शेडमध्ये "पडून राहिलेला कोटा" येणार कुठनं?

आणि वजन! 200 लिटर डिझेल साधारण 165 किलो भरतं, पाणी 200. तीन बॅरलांत 100 किलोंचा फरक. त्या पोराच्या खांद्याला जे कळलं ते मला कळलं नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या किलोकिलोसाठी भांडणारा मी, वाटेत पिकअप एकदा काट्यावर घालायचं सुचलं नाही. बॅरल घ्यायचंच झालं तर दोन्ही बुचं उघडायला लावा, लहान बुचातनं काठी तळापर्यंत घाला. पंपवाले काठीला पाणी दाखवणारी पेस्ट लावतात, तीही मिळते. समोरचा लहान बूच उघडू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

यंदा मेच्या शेवटी आमच्या शेजाऱ्याला फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकला. आवाज तोच, "मामा" तेच. या वेळी दर 68.