सिक्वेन्सिंग घ्या, अहवाल राहू द्या

लसीआधी आणि बूस्टरनंतर घेतलेल्या, सहा ऱ्हीसस माकडांच्या रक्तातल्या बी पेशींचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा) आरएनए एका अँटिबॉडी सिक्वेन्सिंग सेवेकडे, म्हणजे अँटिबॉडीच्या जनुकांची अक्षरं वाचून देणाऱ्यांकडे, पाठवला होता, त्याचा हा अनुभव. नाव घेत नाही. ऑर्डरच्या फॉर्मवर प्राण्यासाठी तीनच पर्याय होते: माणूस, उंदीर, इतर. मी ‘इतर’वर टिक केली. शंका तिथेच यायला हवी होती.

सिक्वेन्सिंग मात्र चोख. फाइल्स वेळेवर आल्या, आणि प्रत्येक रेणूला बारकोड असल्यामुळे पीसीआरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनए वाढवताना बनलेल्या, नकला सहज गाळता आल्या.

मग अहवाल उघडला. लस टोचण्याआधीच्या आयजीएममध्ये, म्हणजे बी पेशी सुरुवातीला बनवतात त्या अँटिबॉडीमध्ये, सात-आठ टक्के म्युटेशन (मूळ जनुकापेक्षा नंतर झालेले बदल)! यातल्या बहुतेक बी पेशींची कुठल्याही रोगजंतूशी अजून गाठ पडलेली नसते, आकडा शून्याच्या आसपास हवा. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तुलना माणसाच्या व्ही जनुकांशी (अँटिबॉडीच्या बदलत्या भागाचा मोठा तुकडा घडवणाऱ्या जनुकांशी) केली होती. माणूस आणि माकड यांच्यातला जन्मजात फरक यांनी म्युटेशनच्या खात्यात जमा केला होता.

दुसरा अहवाल ऱ्हीससच्या संदर्भ जीनोमवर बेतलेला आला. बरा होता, पण पुरेसा नाही. ऱ्हीससचा २००७ साली प्रसिद्ध झालेला जीनोम एकाच मादीचा. त्यात व्ही जनुकं एकमेकांसारखी दिसणारी आणि शेजारीशेजारी, म्हणजे जीनोमच्या तुकड्यांच्या जुळणीत घोळ ठरलेला. शिवाय दोन ऱ्हीससची अ‍ॅलील्स (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) इतकी वेगळी असतात की एकाची यादी दुसऱ्याला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं.

शेवटी आयगडिस्कव्हर चालवला. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रोग्रॅम त्या-त्या प्राण्याच्या आयजीएममधूनच त्याची स्वतःची व्ही जनुकांची यादी काढतो. एखादं अ‍ॅलील खरं की पीसीआरची चूक? ते किती वेगवेगळ्या जे जनुकांशी (अँटिबॉडी घडताना व्हीच्या पुढे जोडल्या जाणाऱ्या जनुकांशी) आणि सीडीआर३शी (त्या जोडावरच्या सर्वांत बदलत्या भागाशी) जोडलेलं सापडतं, यावरून ठरतं. निघालेली यादी २०२१ च्या केआयएमडीबीशी, म्हणजे ऱ्हीसस आणि सायनोमोल्गस या मकाक माकडांच्या हेवी चेनच्या (अँटिबॉडीच्या मोठ्या साखळीच्या) जनुकांच्या डेटाबेसशी ताडून पाहिली. आयजीएममधलं भुताटकीचं म्युटेशन गायब झालं आणि बूस्टरनंतरच्या आयजीजीतली (नंतरच्या टप्प्यातल्या अँटिबॉडीतली) म्युटेशनची खरी चढण दिसली.

आयजीएमची लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनएचा संच) मी काटकसर म्हणून गाळणारच होते. सहकाऱ्याने अडवलं म्हणून वाचले.

सिक्वेन्सिंगला पाचपैकी साडेचार, अहवालाला एक. पुढची ऑर्डर यांनाच देणार आहे, फक्त फाइल्सची. फॉर्म काल पुन्हा उघडला. तिसरा पर्याय अजून ‘इतर’च आहे.