जपानी क्लासचा रिव्ह्यू : एका 'का'मध्ये फी वसूल

पुण्यातली एन५ची (जपानीच्या परीक्षेतली सगळ्यात सोपी पातळी) वीकेंड बॅच नुकतीच संपली म्हणून लिहितेय. क्लासचं नाव टाकत नाही कारण पुढे एक तक्रार पण आहे, पण जपानी शिकायचं डोक्यात असेल तर वाचा.

पहिल्या दिवशी सेन्सेईंनी (म्हणजे आमच्या बाईंनी, जपानीत शिक्षकांना सेन्सेई म्हणतात) पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर मराठीत लिहिलं 'हे पुस्तक आहे का' आणि बरोब्बर त्याच्याखाली 'कोरे वा होन देस का'. कोरे म्हणजे हे, होन म्हणजे पुस्तक, देस म्हणजे आहे आणि का म्हणजे का! मधला तो 'वा' सोडला तर एकही शब्द जागचा हलवायला लागत नाही. मी तर बघतच राहिले. आणि लिहिताना शेवटी का असला की प्रश्नचिन्ह पण नको, त्यांचा तो छोटा गोल पूर्णविराम दिला की झालं, प्रश्न विचारायचं काम का करतो.

मग म्हणाल्या, कोणी काही सांगितलं की आपण "असं का" म्हणतो ना, तेव्हा आपण काही विचारत नसतो, आवाज खाली येतो. जपानीत 'सोऽ देस का', सोऽ म्हणजे असं, आणि तिथेही आवाज तसाच खाली येतो. आणि 'चहा का कॉफी' म्हणजे 'ओचा का कोऽही', काय बोलणार आता! (त्या ओचातला चा आणि आपला चहा पण मुळात एकाच चिनी शब्दाचे.) फक्त "का आला नाहीस" मधला का तिकडे चालत नाही, त्याला नाझे किंवा दोऽशिते म्हणायचं, हे मी तीन वेळा चुकले.

बॅचमध्ये भोपाळचा एक मुलगा होता, तो सारखा 'वाताशि का होन' म्हणायचा, कारण हिंदीत का म्हणजे आपला चा. जपानीत तिथे 'नो' येतो, 'वाताशि नो होन', माझं पुस्तक. बनारसची एक ताई होती, तिच्या घरी भोजपुरी, तिकडे का म्हणजे काय, "का हाल बा". शाळेतलं संस्कृत आठवलं तर तिथे का म्हणजे कोण, तेही बाईबद्दल विचारताना. सेन्सेईंनी हे सगळं थांबवलं नाही, उलट प्रत्येकाला आपापल्या भाषेतला का सांगायला लावला.

एकदा संध्याकाळी कोणीतरी फटकन दंडावर मारलं, सेन्सेई वळून म्हणाल्या, "का देस का." डास आहे का! जपानीत डासाला पण का म्हणतात, फक्त तो लिहायची कांजी (चिनीतून आलेलं चित्रासारखं अक्षर) वेगळी, डाव्या बाजूला किड्याची खूण असलेली. हे वाक्य मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

आता तक्रार. शेवटच्या दीड महिन्यात न सांगता शिक्षक बदलले. नवीन सर इंग्लिश पीपीटी वाचून दाखवायचे, 'का इज अ क्वेश्चन पार्टिकल', नेक्स्ट स्लाइड. ज्यांची इंग्लिश कच्ची ती दोन मुलं यायची बंद झाली, आणि तीच आधी सगळ्यात पटापट बोलत होती, याचं खरंच वाईट वाटलं. ऑफिसमध्ये सांगितलं तर म्हणे सिलॅबस तोच आहे ना. सिलॅबस तोच असेल हो, पण आपल्या भाषेत जे आधीच आहे ते परक्या भाषेतून फिरवून कशाला शिकवायचं?

बाकी खोली ठीक, पार्किंग नाही, नोट्स चांगल्या. ५ पैकी ३.५, आणि ते सगळे पहिल्या सेन्सेईंचे. कुठेही चौकशीला गेलात तर मराठीतून शिकवणारं कोणी आहे का आणि तेच शेवटपर्यंत बॅच घेणार का, एवढं पैसे भरायच्या आधी विचारा. मी पुढच्या पातळीला, म्हणजे एन४ला, त्या सेन्सेईंची बॅच कधी लागते त्याची वाट बघतेय.