ल्यूकची तलवार: अमेरिकेतून मागवायची की उद्यमनगरात करून घ्यायची?

विचारणारा बहुतेक वेळा कॉलेजातला पोरगा असतो. हातात मोबाइल, मोबाइलवर परदेशातल्या लिलावाचं पान, आणि लिलाव संपायला चार तास राहिलेले. "दादा, ग्राफ्लेक्स मिळतेय. घेऊ का?" घरात फोटो स्टुडिओ होता आणि जुन्या कॅमेऱ्यांचा नाद मला आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. चार तासांत फोनवर जे सांगता येत नाही ते इथं लिहितोय.

ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये नायक ल्यूकच्या लाइटसेबरची, म्हणजे उजेडाच्या पात्याच्या तलवारीची, जी चकचकीत मूठ दिसते, ती चित्रपटासाठी कुणी घडवलेली नाही. सेट डेकोरेटर रॉजर क्रिश्चनला लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात जुन्या फ्लॅशगनच्या मुठी मिळाल्या. अमेरिकेत रॉचेस्टरला ग्राफ्लेक्स नावाची कंपनी होती. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर वापरायचे तो 'स्पीड ग्राफिक' कॅमेरा तिचाच. त्या कॅमेऱ्याच्या कडेला ही नळी लागायची. पोटात टॉर्चचे तीन मोठे सेल, डोक्यावर वाटीसारखा रिफ्लेक्टर आणि त्यात एकदाच पेटून वाया जाणारा बल्ब. क्रिश्चननं वरची वाटी काढून टाकली, खालच्या अंगाला प्लास्टिकच्या टी-आकाराच्या पट्ट्या सुपरग्लूनं चिकटवल्या आणि नळीला आवळून बसणाऱ्या क्लॅम्पमध्ये कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती बारक्या भिंगांची पट्टी खोचली. झाली तलवार. त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं आणि त्यात क्रिश्चनचाही वाटा होता.

म्हणजे ज्याला आज आपण 'अस्सल' म्हणून डोक्यावर घेतो, ते त्या माणसानं पैसे नव्हते म्हणून उचललेलं जुनं सामान होतं. ही गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

अस्सल नळी

हातात घेतली की कळतं लोक वेडे का होतात. पितळेवर निकेलचा मुलामा, त्यामुळे थंड आणि जड. लाल बटणाखालची स्प्रिंग अजून तडफदार असते. क्लॅम्पची कडी दाबली की जो 'टक्' आवाज येतो तो नकलेत सहसा येत नाही. तळाच्या टोपणावर कंपनीचं नाव आणि रॉचेस्टर ठोकलेलं असतं, आणि कुण्या अनोळखी फोटोग्राफरच्या तळव्यानं मुलामा एका बाजूनं घासलेला असतो. ती घासट पैसे देऊन नवी करून मिळत नाही.

आता दुसरी बाजू. चांगल्या नळीला काहीशे डॉलर मोजावे लागतात, वर टपाल, वर कस्टम. आणि फोटोत जे दिसतं ते बाहेरचं. माझी पहिली नळी आली तेव्हा वरून आरसा होती. टोपण उघडेना. तेल सोडून, कापड गुंडाळून, दोघांनी धरून फिरवल्यावर आतून पांढरा-हिरवा खार सांडला. कुणीतरी सेल आत विसरला होता आणि ते तिथंच पाझरून वाळले होते. टोपणाचे आटे खाऊन गेलेले. विकणाऱ्यानं 'आतून तपासलेली नाही' असं बारीक अक्षरात लिहिलंच होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. आईनं ते बघितलं आणि देव्हाऱ्यातली भांडी घासायची चिंच पुढं केली. तिला म्हटलं, थांब. जुन्या जस्त-कार्बन सेलचा खार मुळात आंबट, त्यावर आणखी चिंच-लिंबू कशाला? खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेला कापूस फिरवायचा, पुसायचं, वाळवायचं. बाहेरून तर चिंच लावूच नका. मुलामा जिथं विरलाय तिथलं पितळ लालसर पडतं आणि नळी कोड फुटल्यासारखी दिसते.

म्हणून लिलावात बोली लावण्याआधी एकच फोटो मागायचा: टोपण काढून, नळीच्या तोंडातून आत उजेड टाकून काढलेला. टाळाटाळ झाली तर पान बंद करा.

एक खुपणारी गोष्टही सांगतो. स्टुडिओवाल्याचा पोरगा म्हणून सांगतो म्हणा. ही नळी म्हणजे नुसती धातूची मूठ नव्हे, कॅमेऱ्याचा चालता अवयव आहे. तलवारवाल्यांनी नळ्या उचलल्या तशा कॅमेरा जमवणाऱ्यांना त्या मिळेनाशा झाल्या, आणि सुटे रिफ्लेक्टर अनाथ पडून राहिले. पूर्ण, चालणारी फ्लॅशगन मोडून तलवार करू नका. वाटी हरवलेली, वायरिंग मेलेली नळी शोधा; ती स्वस्तही पडते. आणि तिच्यावर पट्ट्या बसवताना सुपरग्लू किंवा रिव्हेट नको. पातळ दुहेरी टेप पुरते. उद्या मन बदललं तर पट्ट्या निघतील आणि नळी परत नळी होईल. खालची कमरेला अडकवायची कडी बसवण्यासाठी टोपणाला भोक पाडावं लागतं. ते मी माझ्या पहिल्या टोपणाला पाडलं, ड्रिल अर्धा सूत सरकलं, आणि ते वाकडं भोक आजही मलाच दिसतं.

तयार नक्कल

परदेशात काही लोक अस्सल नळी मोजून तिची हुबेहूब प्रत विकतात. मापं चोख, फिनिशिंग छान, सगळे भाग एका डब्यात. कपाटात ठेवायची असेल, कुणी आल्यावर दाखवायची असेल आणि हात काळे करायचे नसतील तर बेलाशक घ्या. मला त्यात रस नाही, कारण शोधण्याची मजाही नाही आणि करण्याचीही नाही. पैसे मात्र जवळपास तेवढेच.

उद्यमनगर

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे. कोल्हापुरात लेथ शोधायला लागत नाही, चुकवायला लागतो. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे पार्ट करून करून ज्यांचे हात घडलेत, त्यांना एक नळी म्हणजे चहा यायच्या आतलं काम. आणि सिनेमाची वस्तू स्वतः बनवणं या गावाला नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणून चित्रपटाची विद्या उलगडायला घेतली. कॅमेरा पुरा व्हायच्या आत १९१६ मध्ये आनंदराव गेले. १९१८ मध्ये बाबूरावांनी, म्हणजेच बाबूराव पेंटरांनी, दामल्यांना हाताशी धरून तो इथंच उभा केला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आली. त्यांच्यापुढं मूठ म्हणजे काय!

पण नुसता मोबाइलवरचा फोटो घेऊन लेथवर जाऊ नका. 'असंच पाहिजे' म्हणालात तर फोटोत दिसतं तसंच करून मिळेल, माप मात्र त्यांच्या अंदाजाचं. जाताना तीन मोठे सेल घेऊन जा, दुकानात डी साइज म्हणून मिळतात ते. एक सेल साधारण ३४ मिलिमीटर जाड आणि ६१.५ मिलिमीटर लांब. तीन ओळीनं ठेवले की १८४.५. अस्सल नळीचं सगळं माप या तिघांभोवती बेतलेलं आहे. सेल आत सहज सरकले पाहिजेत आणि हलवल्यावर वाजायला नको, एवढं सांगितलंत की टर्नरला पुढचं कळतं. कारण आता तो शोभेची वस्तू करत नाही, सेलची नळी करतोय.

धातूचा प्रश्न येतो. ॲल्युमिनियम स्वस्त, कापायला मऊ, पॉलिश झटकन घेतं. पण पितळ त्याच्या तिपटीहून जड, आणि ल्यूकच्या तलवारीचा अर्धा रुबाब त्या वजनात आहे. मी पितळी पाइपच घ्यायला सांगतो. जाड पाइप मिळाला तर बाहेरून उतरवता येतो, पातळ पाइपला भर घालता येत नाही. नंतर बफिंग, मग निकेल. क्रोम नको, ते निळसर झळकतं आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरची आठवण होते. प्लेटिंगवाला 'क्रोमच मारू या, टिकेल' म्हणून आग्रह करेल. नाही म्हणा.

लेथचा हात जिथं टेकतो ती जागा म्हणजे क्लॅम्प. तो पत्र्याला वळण देऊन केलेला आहे, त्याला कडी आहे, ती दाबून बसते. हे टर्निंगचं काम नव्हे. मी दोनदा करून घेतला. एक ढिला, दुसरा इतका घट्ट की नळीवर ओरखडा आला. तिसऱ्यांदा शहाणा झालो आणि अस्सल सुटा क्लॅम्प मागवला. तो वेगळा मिळतो, आणि पूर्ण नळीपेक्षा खूप कमी पैशात.

बारकं सामान

टी-पट्ट्यांसाठी प्लायवूड-लॅमिनेटच्या दुकानात जा. कडेला ठोकायच्या टी-प्रोफाइलचे तुकडे बरेचदा फुकट मिळतात. भिंगांची पट्टी अवघड आहे, कारण सत्तरच्या दशकातला लाल आकड्यांचा कॅल्क्युलेटर आपल्याकडच्या भंगारात क्वचितच सापडतो. त्यापेक्षा १९८० च्या दुसऱ्या चित्रपटातली तलवार करा. तिच्या क्लॅम्पमध्ये भिंगांऐवजी सर्किट बोर्डाच्या कडेचा तुकडा आहे, आणि असले जुने बोर्ड टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे पोत्यानं पडलेले असतात. फक्त मोबाइल-लॅपटॉपच्या जमान्यातली रॅम कापून लावू नका, तिचे दात फार बारीक असतात आणि लांबूनही चोरी कळते.

ल्यूकचा गुरू ओबी-वान, त्याची तलवार करायची म्हणणारेही भेटतात. तिच्यात ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा भाग आहे, ब्राउनिंग मशीनगनचा भाग आहे, रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनाची नळी आहे आणि न्हाणीघरातल्या नळाची मूठ आहे. यातलं नळाचं मुठकं तेवढं बिनधास्त मागवा. बाकीच्यांपायी कस्टमच्या साहेबांना 'हे खेळण्यासाठी आहे हो' असं समजावत बसण्याची माझी तरी तयारी नाही. तिथं सरळ लेथ.

मग काय घ्यावं? लाडकी वस्तू म्हणून जन्मभर सांभाळणार असाल, इतिहास हातात धरायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर वाटी हरवलेली अस्सल नळी घ्या आणि तिला भोक पाडू नका. पोरांच्या हातात द्यायची, गॅदरिंगला न्यायची, आपटली तर हसायचं असेल, तर पितळी नळी उद्यमनगरातली आणि क्लॅम्प तेवढा अस्सल. अंगठा आणि तर्जनी तिथंच टेकतात. बाकीची नळी डोळ्यांसाठी असते. माझ्याकडे आज दोन्ही आहेत आणि रोज हातात येते ती दुसरी.

ती करून घेतली तेव्हाचं सांगतो. लेथवरच्या मास्तरांनी नळी कापडानं पुसली, माझे तीन सेल एकेक करून आत सोडले, कानाशी धरून हलवून पाहिलं. वाजत नव्हते. मग नळीचं रिकामं तोंड माझ्याकडं करून म्हणाले, "सेल झ्याक बसल्यात. पर बलप कुठं बसवायचा?"

म्हटलं, बल्ब नसतो, ही सिनेमातली तलवार आहे.

त्यांनी एकदा नळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "एवढं पितळ घातलंय, आन् उजेड न्हाई?" मला चहाला पाठवलं. परत आलो तर वरच्या तोंडाला आतून आटे पाडून ठेवलेले, त्याची मजुरी घेतली नाही. घरी माळ्यावर आजोबांची पितळी बॅटरी होती, रात्री उसाला पाणी पाजायला जाताना ते न्यायचे ती. नळी तिची कधीच चेपली होती, डोकं मात्र शाबूत. आणून फिरवलं, तर दीड आट्यात घट्ट बसलं.