भाडेकरू म्हणून आला आणि माझ्या फ्लॅटवर नऊ लाख उचलून गेला

लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. करार नोंदणीकृत होता. आधारवर थंब झालेला, मुद्रांक भरलेला, पोलिसांना ऑनलाइन माहिती दिलेली, सोसायटीत प्रत जमा. तेव्हा ‘कागद केला नसेल, भोगा आता’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. कागद पक्का होता, फसवणूक त्या कागदाच्या आधारानेच झाली.

माणूस ‘प्रॉपर्टी मॅनेजमेंट’वाला. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. फ्लॅट म्हणे कंपनीच्या स्टाफला राहायला. स्टाफ कधी आलाच नाही. मालकाने सगळे अधिकार दिलेत असं सांगून त्याने तोच फ्लॅट एका कुटुंबाला हेवी डिपॉझिटवर दिला: ९,००,००० एकरकमी, भाडं शून्य, मुदत २४ महिने, नुसता नोटरी केलेला कागद. पुढचं गणित सोपं आहे. नऊ लाखांतून माझं डिपॉझिट ५०,००० आणि पाच महिन्यांचं भाडं ९०,००० गेलं. उरलेले ७,६०,००० त्याचे. सहाव्या महिन्यात फोन बंद.

आता ती जागा, जिथे मला कळायला हवं होतं. करार झाल्यावर चौथ्या दिवशी त्याने इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला), लाइट बिल आणि मेंटेनन्सची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली. ‘ऑडिटला लागतं.’ भाडेकरूला शेअर सर्टिफिकेट कशाला? प्रश्न मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो गिळला. फ्लॅट दोन महिने रिकामा पडला होता, बँकेचा हप्ता २४,६०० चालू होता आणि ५०,००० नुकतेच खात्यात आले होते. पाठवले चारही कागद. त्याच चार कागदांच्या रंगीत प्रती त्या नोटरीच्या करारपत्राला जोडलेल्या निघाल्या. प्रत्येक प्रतीवर आडवं ‘फक्त अमुक कामासाठी, अमुक व्यक्तीला, तारीख’ असं लिहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मला महाग पडली.

दुसरी खूण कराराच्या मसुद्यातच होती: ‘लायसन्सी किंवा त्याने नेमलेल्या व्यक्ती जागेचा वापर करतील.’ एजंट म्हणाला, कंपनीचा करार असला की हेच टाकतात. टाकत असतील. तुम्ही टाकू देऊ नका. राहणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं करारातच हवीत, माणूस बदलला तर लेखी संमती हवी, पोटभाडं किंवा कुठल्याही रूपात पैसे घेऊन ताबा देण्यास स्पष्ट मनाई हवी. सहा महिन्यांचा लॉक-इन (तेवढ्यात करार कोणीच मोडायचा नाही) दोन्ही बाजूंना लावून घेतला, तीही माझीच हुशारी. आणि ती पोलिसांची ऑनलाइन पोच म्हणजे तुम्ही माहिती दिल्याचा पुरावा. त्या माणसाची कुणी चौकशी केली, असा तिचा अर्थ नव्हे.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा ‘हा सिव्हिल मॅटर आहे’. दुसऱ्यांदा ‘तुमचे पैसे कुठे गेले? फसले ते लोक, त्यांना पाठवा’. ते लोक गेले तेव्हा त्यांना सांगितलं, ‘मूळ मालकावर केस करा’. म्हणजे चोर मोकळा आणि ज्यांचं गेलं ते दोघे एकमेकांच्या मानगुटीवर. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण आवक शिक्का मागितला तर साहेब राउंडला गेलेले. खोटी बतावणी करून पैसे उकळणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलंय. हे ठाण्यात सांगून पाहा, चहासुद्धा मिळत नाही. म्हणून तोंडी भांडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार स्पीड पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा, पोच जपा आणि तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जा. माझे अडीच महिने ठाण्याच्या बाकावर गेले, ते वाचतील.

ताबा मिळवण्याची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. लिखित करारातल्या मजकुराला इथे निर्णायक पुराव्याचं वजन आहे, म्हणून नोंदणी टाळू नका. ती करून घेणं मालकाचीच जबाबदारी (कलम ५५), न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्च तरी किती? मुद्रांक पाच-सहाशे आणि शहरात नोंदणी फी १,०००.

पण कायद्याची भाषा ‘मुदत संपल्यावर’ची आहे. भाडं सहाव्या महिन्यात थांबलं, कायद्याचं दार अकराव्या महिन्यानंतर उघडलं. मुदतीनंतर दुप्पट दराने भरपाई, म्हणजे महिना ३६,०००, असंही लिहिलंय. वसूल कोणाकडून करू? समन्स घ्यायला तो पत्त्यावर नाही, आणि आत राहणारं कुटुंब म्हणतं, आधी आमचे नऊ लाख. त्यांचा राग मला कळतो. पण माझ्या खात्यात त्यातला एक रुपया हेवी डिपॉझिट म्हणून आला नाही, हे मी किती जणांना सांगू?

कुलूप तोडायचा किंवा पाणी-वीज बंद करायचा सल्ला चार जणांनी दिला. करू नका. ताबा जबरदस्तीने काढून घेतला तर आत राहणारा विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून परत मागू शकतो. तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच विचारात घेत नाहीत. वर फौजदारी तुमच्यावर.

आजचा हिशेब: बुडालेलं भाडं सहा महिन्यांचं १,०८,०००, मुदतीनंतरच्या पाच महिन्यांचं ९०,०००, त्या अकरा महिन्यांचा मेंटेनन्स ३५,२००, वकील ४०,०००. डिपॉझिट वजा करून २,२३,२००.

हेवी डिपॉझिट देणाऱ्यांनाही सांगतो: पैसे फक्त इंडेक्स टूवर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात टाका आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मालकाचा नंबर घेऊन स्वतः बोला. आमच्या वॉचमनच्या वहीत पहिल्या आठवड्यापासून त्या कुटुंबाचं नाव होतं. वही बघायला मी गेलो सातव्या महिन्यात.

ज्यांचा फ्लॅट सध्या अशा मॅनेजमेंटवाल्याकडे आहे त्यांनी या रविवारी न कळवता जाऊन बेल वाजवावी आणि दार उघडणाऱ्याला विचारावं, भाडं कोणाला देता. भाडं वेळेवर येतंय म्हणून थांबू नका. माझंही पाच महिने येत होतं.