साय-फाय हेल्मेट: दोन तुकड्यांचे एबीएस किट की थ्रीडी प्रिंट?

विज्ञानकथेतील आवडत्या पात्राचे हेल्मेट स्वतः जोडायचे असे एकदा ठरले की पहिला प्रश्न साहित्याचा येतो, आणि बहुतेक जण तो तयार हेल्मेटांचे फोटो पाहून सोडवतात. रंगकाम नीट झालेले असेल, तर फोटोत एबीएस (एक कठीण, चिवट प्लास्टिक), थ्रीडी प्रिंट आणि फायबरग्लास (काचतंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक) यांतला फरक सहसा ओळखूही येत नाही. प्रत्यक्षात हेल्मेट आपल्या डोक्यावर बसेल की नाही, चेहऱ्याचा तोल साधेल की नाही, हे त्या वस्तूत दुरुस्तीला वाव कोणत्या टप्प्यावर मिळतो यावर ठरते. व्हॅक्यूम फॉर्म केलेल्या एबीएस किटमध्ये हा वाव जोडणीच्या वेळी मिळतो. थ्रीडी प्रिंटमध्ये तो छपाईच्या आधी, संगणकावर असतो. एकसंध ओतलेल्या रेझिनच्या (ओतल्यावर कठीण होणाऱ्या द्रवाच्या) किंवा फायबरग्लासच्या कवचात मात्र आतल्या फोमची जाडी कमीजास्त करण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही. म्हणून निवड करताना स्वतःला आधी हे विचारावे, की आपला हात कुठे चांगला चालतो: मापे आणि मॉडेल यांच्याशी, की पेन्सिल, कानस आणि पॉलिश पेपर यांच्याशी?

एबीएस किट: सगळी परीक्षा सांध्यावर

व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये प्लास्टिकची शीट तापवून मऊ करतात, साच्यावर पसरतात आणि खालून हवा ओढून ती साच्याला चिकटवतात. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील स्टॉर्मट्रूपरची, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांची, हेल्मेटे याच पद्धतीने केली होती, त्यामुळे त्या पात्राच्या बाबतीत एबीएस किट मूळ वस्तूच्या सर्वांत जवळचे ठरते. या पद्धतीचे दोन परिणाम किट हातात आल्यावर लगेच दिसतात. शीट जिथे जास्त ताणली जाते, म्हणजे हनुवटी, खोल कोपरे आणि डोळ्यांच्या खोबण्या, तिथे ती पातळ होते. कवच दिव्यासमोर धरले की अशा जागा उजळ दिसतात आणि कुठे आतून आधार द्यावा लागेल ते कळते. दुसरे म्हणजे, आत वळणारा आकार साच्यातून एका तुकड्यात सुटत नाही, म्हणून अशा हेल्मेटचा दर्शनी भाग वेगळा आणि डोक्याचा घुमट व मागची बाजू यांचा भाग वेगळा येतो. दोन्हींचा सांधा कानांवरच्या तुकड्यांखाली झाकला जातो.

हा सांधा अनेकांना कमतरता वाटतो. मला तो या किटचा सर्वांत मोठा गुण वाटतो. दर्शनी भाग घुमटाखाली किती सरकवायचा, हे जोडणारा ठरवतो, आणि तिथले चार-पाच मिलिमीटर हेल्मेटचा भाव पूर्ण बदलतात. कपाळाची कड डोळ्यांवर खाली आली की मुद्रा करारी दिसते; ती वर गेली की तेच हेल्मेट दचकल्यासारखे दिसू लागते. त्यामुळे एकही भोक पाडण्याआधी दोन्ही भाग मास्किंग टेपने जोडावेत आणि समोरून व बाजूने फोटो काढावेत. फोटो तीन-चार मीटर अंतरावरून झूम करून काढावेत, कारण जवळून काढलेल्या फोटोत समोरचा भाग अवास्तव मोठा दिसतो आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

खरे कष्ट कानांवरच्या तुकड्यांत आहेत. किटमधला हा तुकडा कवचाच्या गोलाईवर सहसा जसाच्या तसा बसत नाही. वरचा भाग टेकला की खाली फट राहते, आणि खालचा दाबला की वरचा उचलला जातो. इथे एक जुनी सुतारी युक्ती उपयोगी पडते. तुकडा जागेवर टेपने धरावा, कवचाच्या पृष्ठभागावर एक छोटा वॉशर ठेवावा, त्याच्या भोकात पेन्सिलचे टोक घालावे आणि वॉशर कवचाला टेकवूनच कडेकडेने फिरवत न्यावा. कवचाचा प्रत्येक चढउतार त्या रेषेत तुकड्यावर उमटतो. मग रेषेच्या थोडे अलीकडेपर्यंतच कापावे आणि उरलेले पॉलिश पेपरने घासत जावे. दोन-चार वेळा घासले की तुकडा लावून पाहावा, पुन्हा काढावा, पुन्हा घासावा. एबीएस घासून कमी करता येते, पण जास्त कापलेले परत मिळत नाही, आणि उरलेली फट पुट्टीने भरली तर तिथेच पुढे तडा जाण्याची शक्यता राहते. तुकडा किंचित वाकवावा लागला, तर हीट गनपेक्षा कडक गरम पाण्यात धरणे बरे. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सियसला मऊ पडते, म्हणून उकळत्या पाण्यात ते एकदम कोसळत नाही. हीट गनची हवा याहून कितीतरी गरम असते आणि पातळ जागा क्षणात लोळागोळा होऊ शकते.

जोडण्यासाठी आधी स्क्रू किंवा रिव्हेट वापरावेत आणि चिकटवणे शेवटी ठेवावे. एबीएसचे कापलेले तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट सांध्याच्या दोन्ही बाजू अक्षरशः एकजीव करते, त्यामुळे ती लावल्यावर माघार नाही. पुढे बदल करावासा वाटेल अशा जागी ई-६००० सारखा रबरी गोंद चांगला. तो पूर्ण सुकायला २४ ते ७२ तास लागतात, पण लवचीक राहतो आणि गरज पडल्यास सोलून काढता येतो. सुपर ग्लू झटपट धरतो, पण त्याचा सांधा ठिसूळ असतो आणि त्याच्या वाफेने डोळ्यांसमोरच्या काचेवर पांढरी झाक येते.

थ्रीडी प्रिंट: निर्णय छपाईच्या आधी

प्रिंटमध्ये सांधा सरकवणे नाही, फट घासून जुळवणे नाही. आकार मॉडेलमध्ये असतो तसाच येतो. ज्या पात्रांची तयार किटे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि उजवी-डावी बाजू तंतोतंत सारखी येणे हा त्याचा निर्विवाद फायदा आहे. मात्र माप चुकले, तर चूक संपूर्ण हेल्मेट छापून झाल्यावर कळते, आणि पूर्ण आकाराचे हेल्मेट छापायला घरगुती प्रिंटरवर काही दिवस जाऊ शकतात.

म्हणून मापाला इथे किटपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. भुवयांच्या वरून घेतलेला डोक्याचा घेर एकटा पुरत नाही. नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर, कानांसकट रुंदी, आणि चष्मा असल्यास तो घालून घेतलेले माप, ही तिन्ही मापे लागतात. त्यांत चारही बाजूंनी फोमसाठी दीड ते दोन सेंटिमीटर मिळवावेत. गळ्याकडचे तोंड हे वेगळेच संकट आहे: आतून हेल्मेट प्रशस्त असते, पण तोंडातून डोकेच जात नाही. यावर सोपा उपाय म्हणजे मॉडेलमधून सर्वांत रुंद भागाची आणि गळ्याच्या तोंडाची पाचेक मिलिमीटर उंचीची एकेक कडी कापून घ्यावी आणि आधी तेवढ्याच छापाव्यात. त्या डोक्यातून घालून पाहिल्या की मोठ्या छपाईचा निर्णय निर्धास्तपणे घेता येतो. आकार वाढवताना हेही लक्षात ठेवावे, की मॉडेल सर्व दिशांनी ५ टक्के मोठे केले आणि भिंतीची जाडीही त्याच प्रमाणात वाढू दिली, तर साहित्य जवळपास १६ टक्के जास्त लागते आणि हेल्मेटचे वजनही तितकेच वाढते.

प्रिंटरचा आकारही निर्णयात यावा. २२० मिलिमीटर चौरस बेडवर (छपाई होते त्या सपाट पाटावर) मोठ्यांचे पूर्ण हेल्मेट सहसा एका तुकड्यात मावत नाही, म्हणून मॉडेल कापून भाग जोडावे लागतात. ३०० मिलिमीटरच्या पुढच्या बेडवर बहुतेक हेल्मेटे अखंड छापता येतात. कापण्याची रेषा मूळ आकारातल्या एखाद्या खाचेवर किंवा पट्टीवर घेतली, तर सांधा लपवण्याचे काम निम्मे होते.

फिलामेंटच्या, म्हणजे प्रिंटरमध्ये वितळणाऱ्या प्लास्टिकच्या तारेच्या, निवडीत लोक पीएलए या प्लास्टिककडे वळतात, कारण ते छापायला सोपे आहे. पण पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत गडद रंगाचे हेल्मेट ठेवले, तर त्याचा आकार कायमचा बिघडू शकतो. हाच गुणधर्म घासतानाही आडवा येतो: मशीनने जोरात घासले की पीएलए तापून चिकट होते आणि कागद भरून जातो, म्हणून ओल्या कागदाने हातानेच घासणे चांगले. पीईटीजी हे दुसरे प्लास्टिक साधारण ८० अंशांपर्यंत टिकते, पण त्याचे तंतू निघतात आणि ते घासायला चिवट आहे. एबीएस फिलामेंट उष्णता सर्वांत चांगली सोसते, पण छपाईत कडा उचलल्या जातात आणि वास येतो, म्हणून बंद पेटीचा प्रिंटर व खेळती हवा दोन्ही लागतात. आणखी एक बाब खरेदीआधी माहीत असावी: ॲसिटोनने एबीएसचे भाग एकजीव होतात, पीएलएचे होत नाहीत. तिथे इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा कडक गोंद) वापरावा, किंवा आतून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने सांधा वितळवून घ्यावा.

प्रिंटर प्लास्टिक थरावर थर रचतो; त्या थरांच्या रेषा घालवणे हे प्रिंटमधले सर्वांत मोठे काम आहे, आणि ते विकत घेणाऱ्याला क्वचितच आधी सांगितले जाते. ८० किंवा १२० नंबरच्या कागदाने घासणे, फिलर प्राइमर (बारीक खाचा भरणारा अस्तराचा रंग) मारणे, २२० ने घासणे, पुन्हा प्राइमर, मग ४०० ने घासणे, असा फेरा पृष्ठभाग काचेसारखा होईपर्यंत चालतो. एबीएस किटचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असतो, पांढऱ्या किटला तर रंगाचीही गरज पडेलच असे नाही. त्यामुळे कानांवरच्या तुकड्यांना लागणारा वेळ धरूनही एकूण श्रम किटलाच कमी लागतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पडल्यावरही दोघांचे वागणे वेगळे असते: एबीएसची पातळ शीट वाकते आणि सहसा कडेला चीर पडते, ती मागून पट्टी लावून बुजवता येते, प्रिंट थरांच्या रेषेवर फुटतो, पण तुटलेला भाग पुन्हा छापता येतो.

ओतीव कवच आणि फोम

फायबरग्लासचे किंवा रेझिनचे कवच मजबूत असते आणि त्यात बारीक तपशील उत्तम उतरतात. पण ते जड असते, आकाराला बदलाची मुभा देत नाही, आणि फायबरग्लास कापताना वा घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना व त्वचेला त्रासदायक असते. योग्य रेस्पिरेटर, चष्मा आणि हातमोजे नसतील तर हे काम हाती घेऊ नये. ईव्हीए फोम, म्हणजे चपलांच्या तळव्यात असतो तसा मऊ रबरी फोम, याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो हलका आहे, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने जोडता येतो, हीट गनने वळवता येतो, आणि कागदी नमुना बदलला की माप बदलते. लहान मुलांसाठी आणि दिवसभर घालण्यासाठी तो मला सर्वांत योग्य वाटतो. चकचकीत, कठीण, धारदार कडांचे हेल्मेट हवे असेल, तर मात्र फोम तितका साथ देत नाही.

डोक्यावर बसवणे

कोणतेही कवच घेतले तरी ते आतून बसवण्याचे काम उरतेच. नुसते फोमचे तुकडे चिकटवले, तर भार कपाळावर आणि नाकावर येतो, कारण व्हायझर (डोळ्यांसमोरची काच) आणि हनुवटीमुळे अशा हेल्मेटचा पुढचा भाग जड असतो. बांधकामाच्या सेफ्टी हेल्मेटमधली पट्ट्यांची जाळी, जिच्या मागे घट्ट-सैल करण्याची चकती असते, ती आत बसवली तर भार टाळूवर विभागला जातो आणि मान वळवली की हेल्मेटही सोबत वळते. इथे दोन तुकड्यांच्या किटचा फायदा पुन्हा दिसतो: ही जाळी कवच बंद करण्याआधी मोकळ्या हाताने बसवता येते, तर अखंड प्रिंटमध्ये सगळे काम गळ्याच्या तोंडातून हात घालून करावे लागते. सुरुवातीला जाळी आणि फोम वेल्क्रोनेच लावावेत, म्हणजे अर्धा तास घालून पाहिल्यावर जागा बदलता येतात.

व्हायझरसाठी टिंटेड (रंगछटा असलेल्या) पॉलीकार्बोनेट प्लास्टिकची फेस शील्ड कापून वापरता येते. मात्र तिच्या आसपास ॲसिटोन किंवा एबीएसची पेस्ट नको, कारण ॲसिटोनने पॉलीकार्बोनेट धुरकट होते आणि त्याला बारीक तडे जातात. म्हणून सगळी चिकटवाचिकटवी संपल्यावरच व्हायझर बसवावा, आणि तोही स्क्रू किंवा चुंबकांनी, म्हणजे स्वच्छ करायला काढता येतो. श्वासाने धुके धरण्यावर ५ व्होल्टचा छोटा पंखा पुरतो. त्याची हवा थेट व्हायझरच्या आतल्या बाजूवर पडावी आणि बॅटरी डोक्याच्या मागे ठेवावी. तिचे वजन पुढच्या जडपणाला तोलते. एवढे करूनही खालचे जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे जिन्यावर आणि गर्दीत सोबत कुणीतरी असावे. हे हेल्मेट डोक्याचे संरक्षण करण्यासाठी बनलेले नाही, म्हणून ते घालून दुचाकी चालवू नये.

कुणी काय घ्यावे

स्टॉर्मट्रूपरसारखे पात्र हवे असेल, हातकामाचा धीर असेल आणि प्रिंटर नसेल, तर एबीएस किट घ्यावे, आणि विक्रेत्याला कानांवरचे तुकडे व कडा आधीच कापून मिळणार का, हे विचारावे. न कापलेले मिळाले तर उत्तम, कारण मग फट आपल्या हातात राहते. ५०१ लीजनसारख्या, १९९७ साली स्थापन झालेल्या ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांच्या संघटनेत जायचे असेल, तर तिथे प्रत्येक पोशाखाचे तपशीलवार निकष असतात. ते भोके पाडण्याआधीच वाचावेत, कारण व्हायझरचा रंग नंतर बदलता येतो, पण तोंडाच्या जाळीतला चुकीचा कापलेला दात परत बसवणे कठीण जाते.

पात्र दुर्मीळ असेल, डोके सरासरीपेक्षा बरेच मोठे किंवा लहान असेल, किंवा हेल्मेटच्या आत दिवे आणि आवाजाची यंत्रणा बसवायची असेल, तर प्रिंट घ्यावा. किटच्या साच्याचा आकार ठरलेला असतो आणि सांध्यावर मिळणाऱ्या थोड्याशा वावाने मोठ्या डोक्याचा प्रश्न सुटत नाही, तर मॉडेल हवे तेवढे वाढवता येते आणि वायरसाठी खाचाही त्यातच काढता येतात. दुसऱ्याकडून छापून घेत असाल, तर आपली तिन्ही मापे लेखी द्यावीत, फिलामेंट कोणते ते ठरवून घ्यावे, आणि संपूर्ण हेल्मेटच्या आधी त्या दोन कड्या छापून पाठवायला सांगावे. यासाठी तयार न होणाऱ्या माणसाकडून एवढी मोठी छपाई करून घेऊ नये.